ऑइल चेंजनंतर लाल दिवा लागला किंवा इंजिन वाजायला लागलं? आधी गाडी बंद करा, मग हे वाचा

ऑइल बदलून गाडी गॅरेजबाहेर काढली आणि त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत इंजिनातून टिकटिक यायला लागली, लाल दिवा लागला किंवा पार्किंगमध्ये गाडीखाली ऑइल सांडलेलं दिसलं, तर सगळ्यात आधी त्या ऑइल चेंजवरच संशय घ्या. इंजिन वाचणार की नाही, आणि नाही वाचलं तर खर्च कोण करणार, या दोन्ही गोष्टी तुम्ही पहिल्या तासाभरात काय करता त्यावर बऱ्याच अंशी ठरतात. बरेच लोक इथेच फसतात कारण ते घाबरून गॅरेजला फोन करतात, पलीकडून कोणीतरी शांतपणे सांगतं की काही नाही हो, थोडं ऑइल टाका आणि हळूहळू चालवत घेऊन या. त्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये इंजिनही जातं आणि पुरावाही.

आता तो लाल दिवा. तेलाच्या कुपीचं चित्र असतं म्हणून सगळ्यांना वाटतं ऑइल थोडं कमी झालंय, संध्याकाळी बघू. पण तो दिवा ऑइल किती आहे ते सांगतच नाही, ऑइलचं प्रेशर आहे की नाही ते सांगतो. बहुतेक गाड्यांत प्रेशर साधारण अर्धा बार (बार हे प्रेशरचं माप) किंवा त्याच्याही खाली आलं की तो लागतो, आणि गरम इंजिनाला रस्त्यावर चालताना साधारण दोन ते चार बार प्रेशर असायला हवं, म्हणजे दिवा दिसला तेव्हाच परिस्थिती खूप बिघडलेली असते. काही गाड्यांत लेव्हलचा वेगळा पिवळा दिवा असतो, तो लागला तर थोडा वेळ मिळतो. लाल दिव्याला वेळ नसतो.

त्यामुळे दिवा लागला की अॅक्सिलरेटर सोडा, गाडी न्यूट्रल करा, गाडीच्या वेगावरच सुरक्षित कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. गाडी चालत असताना इंजिन बंद झालं तर स्टिअरिंग जड होऊ शकतं आणि ब्रेकची मदत एक-दोन वेळा दाबेपर्यंतच पुरते, म्हणून ब्रेक सारखा दाबत-सोडत राहू नका, एकदाच नीट दाबून गाडी थांबवा. आणि गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय किल्ली बाहेर काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. त्यानंतर "बघू जरा सुरू होतीये का" म्हणून स्टार्टर मारायचा नाही. एकदाही नाही.

एवढं का सांगतोय ते समजून घ्या. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, आणि त्याला धरणाऱ्या बेअरिंगमध्ये फट असते ती मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांश भागाइतकी, आणि त्या फटीत पंपाने दाबून पाठवलेलं ऑइल असतं. इंजिन नीट चालू असताना क्रँक बेअरिंगला टेकलेलाच नसतो, तो ऑइलच्या थरावर तरंगत फिरत असतो. प्रेशर गेलं की धातूला धातू घासतो, बेअरिंगचा वरचा मऊ थर काही सेकंदांत पुसला जायला लागतो, उष्णतेने तो वितळून क्रँकला चिकटतो आणि मग बेअरिंग आपल्या जागेवरून फिरतं. रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला ऑइल क्रँकच्या मेन बेअरिंगमधून पुढे जातं, त्यामुळे सहसा आधी रॉडची बेअरिंग जातात आणि खालून जड खटखट येते. टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला तर ऑइलशिवाय थोडे क्षणही पुष्कळ होतात. वरच्या हेडमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बऱ्याच इंजिनात थेट अॅल्युमिनियमवरच फिरतो, तिथे वेगळं बेअरिंगच नाही, त्यामुळे ओरखडे पडले की अख्ख्या हेडचंच काम निघतं.

गॅरेजमध्ये नेमकं काय चुकतं

हे माहीत असेल तर तुम्हाला कुठे बघायचं ते कळेल, आणि समोरचा गोल गोल बोलायला लागला तर प्रश्नही विचारता येतील.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फिल्टरवर. जुना फिल्टर काढताना त्याची रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहते, मेकॅनिक बघत नाही, वरून नवा फिल्टर त्याच्या नव्या रिंगसकट बसवतो. आता एकावर एक दोन रिंगा झाल्या. गॅरेजमध्ये गाडी सुरू केली तर कदाचित थेंबही गळत नाही, पण थंड इंजिनावर जोरात रेस झाली किंवा हायवेला लागलात की प्रेशर वाढतं, वरची रिंग एका बाजूने बाहेर सरकते आणि त्या फटीतून पंप स्वतःच सगळं ऑइल रस्त्यावर फेकतो. चार लिटर ऑइल मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर जाऊ शकतं. कागदी काडतूस टाइप फिल्टर असेल तर झाकणाची ओ-रिंग चुकीच्या खाचेत बसवलेली असते किंवा बसवायचीच राहून गेलेली असते.

दुसरा घोळ ड्रेन बोल्टचा, म्हणजे खालून जुनं ऑइल काढायच्या बोल्टचा. हाताने लावून ठेवला, तेवढ्यात दुसरी गाडी आली, पाना मारायचा राहिला, तो मग व्हायब्रेशनने सुटत सुटत कधीतरी पडतो. याच्या उलटही होतं, बोल्ट इतका आवळतात की अॅल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचे) आटे जातात. कारच्या ड्रेन बोल्टला साधारण 25 ते 40 न्यूटन मीटर एवढाच टॉर्क लागतो, गाडीप्रमाणे थोडा कमीजास्त, पण लांब पान्यावर अंगाचा जोर टाकून आवळायचं ते काम नाहीच. आटे गेल्यावर काही जण टेप किंवा सिलिकॉन लावून गाडी देऊन टाकतात आणि सांगतही नाहीत.

मग ऑइल टाकायलाच विसरणं, हे ऐकायला अशक्य वाटतं पण होतं, विशेषतः एक मेकॅनिक काढतो आणि दुसरा भरतो तेव्हा. ऑइल जास्त टाकणंही तितकंच वाईट, लेव्हल मॅक्सच्या बरीच वर गेली की क्रँक फिरताना ऑइल घुसळतं, फेस होतो, आणि फेसाने प्रेशर धरत नाही. डिझेल गाडीत तर हे जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत, गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुसाट फिरायला लागतं आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गिअर असेल तर ब्रेक घट्ट दाबून टॉपचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद पाडा, ते जमत नसेल तर गाडीपासून सरळ लांब व्हा.

आणखी एक, आणि हे पटकन लक्षात येत नाही: इंजिन ऑइलच्या ऐवजी गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला जातो. गिअरबॉक्स रिकामा, आणि इंजिनमध्ये जुन्या ऑइलवर नवं पूर्ण भरलेलं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) लेव्हल जवळपास दुप्पट दिसली, आणि ऑटोमॅटिक गाडी गिअर टाकल्यावर पुढे सरकायला नाटक करत असेल तर आधी हीच शंका घ्या. चुकीचा ग्रेड (ऑइल किती पातळ-घट्ट ते सांगणारा आकडा) टाकल्याने मात्र इंजिन लगेच जात नाही, 5डब्ल्यू30 च्या जागी दुसरं काही पडलं म्हणून त्याच संध्याकाळी इंजिन बसलं असं सहसा होत नाही, तिथे जास्त खोलात जाऊ नका.

गाडी बंद केल्यावर

आजूबाजूला रहदारी असेल तर आधी स्वतःची आणि घरच्यांची सोय बघा, हॅझर्ड लावा, त्रिकोण ठेवा. मग मोबाईल काढा. इग्निशन नुसतं ऑन करून, इंजिन सुरू न करता, मीटरचा फोटो घ्या ज्यात किलोमीटर दिसतील. मग गाडी उभी आहे तिथली जमीन, मागे रस्त्यावर ऑइलची रेघ असेल तर ती, गाडीखालून चेंबर आणि फिल्टरचा भाग, मागचा बंपर. हो, मागचा बंपरसुद्धा, कारण धावत्या गाडीतून प्रेशरने उडालेलं ऑइल मागे फवाऱ्यासारखं बसतं आणि त्यावरून ते चालत्या गाडीतून बाहेर गेलंय हे दिसतं. गाडीखाली हात-डोकं घालू नका, जॅकवर तर अजिबातच नको, मोबाईल खाली धरून व्हिडिओ काढला तरी पुरतो. थोड्या वेळाने डिपस्टिक काढून पुसून पुन्हा घालून बाहेर काढा आणि तिचाही फोटो घ्या, आणि हे सगळं करताना काही पुसू नका, घट्ट करू नका, वरून ऑइल ओतू नका.

वेळही लिहून ठेवा. दिवा किती वाजता लागला, त्यानंतर गाडी अंदाजे किती चालली, आवाज कधी आला, हे त्याच वेळी मोबाईलमध्ये टाइप करून स्वतःलाच मेसेज केला तरी चालतो. आणि खरं तेच लिहा, दिवा लागल्यावर दोन किलोमीटर चालवली असेल तर दोन किलोमीटर लिहा. बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) फॉल्ट कोडसोबत त्या क्षणाचा स्पीड, आरपीएम, तापमान असं काही ना काही साठवलेलं असतं, पी0524 हा ऑइल प्रेशर कमी असल्याचा कोड आहे, आणि तुमचं म्हणणं त्याच्याशी जुळलं नाही तर बाकीचं खरंही कोणी ऐकणार नाही. स्कॅनर लावणाऱ्याला आधी कोड सेव्ह करायला सांगा, क्लिअर नंतर.

गाडी हलवायची ती टो करूनच, शक्यतो फ्लॅटबेडवर. कुठे न्यायची हा मोठा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत आहे की ज्या गॅरेजने ऑइल बदललं तिथे थेट नेऊन सोडू नये. ते सगळे लबाड असतात म्हणून नाही, पण तिथे पोचल्यावर पहिलं काम फिल्टर काढणं हेच होतं आणि फिल्टर कसा बसवला होता हे मग कोणालाच सिद्ध करता येत नाही. पण त्यांना अंधारात ठेवणंही चुकीचं आहे. त्याच दिवशी लेखी कळवा, मेसेज किंवा ईमेल, साध्या भाषेत: अमुक तारखेला तुमच्याकडे ऑइल आणि फिल्टर बदलला, बिल नंबर हा, किलोमीटर इतके, आज इतक्या किलोमीटरला ऑइलचा दिवा लागून गाडी बंद केली, गाडी अमुक ठिकाणी आहे, अमुक दिवशी दुसऱ्या मेकॅनिककडून तपासणी होणार आहे, तुमचा माणूस यायचा असेल तर यावं, तोपर्यंत काहीही उघडलं जाणार नाही. रागाची भाषा नको, धमकी नको. उद्या कोणी "आम्हाला बघायची संधीच दिली नाही" म्हणालं तर हा एक मेसेज पुरेसा होतो.

तपासणी कशी करून घ्यायची

ज्याचा त्या गॅरेजशी काही संबंध नाही असा अनुभवी मेकॅनिक किंवा वाहन सर्व्हेअर शोधा आणि आधीच सांगा की मला आधी कारण लेखी हवंय, रिपेअरचं नंतर बघू. गाडी लिफ्टवर घेतल्यापासून व्हिडिओ चालू ठेवा.

फिल्टर काढायच्या आधी तो हाताला सैल लागतो का ते बघायचं. काढल्यावर त्याची बैठक आणि इंजिनाचा फ्लँज (फिल्टर टेकतो तो भाग), दोन्ही जवळून शूट करायचे. डबल रिंगचा प्रकार असेल तर तो बघताक्षणी कळतो: एक रिंग नवी, गोल, अजून लवचिक, आणि दुसरी चपटी, कडक, काळपट, बहुतेक वेळा एका बाजूने बाहेर आलेली किंवा फाटलेली. ड्रेन बोल्टचं तसंच. बोल्ट गायब आहे पण चेंबरचे आटे शाबूत आणि स्वच्छ आहेत, तर तो आवळलाच नव्हता असा अर्थ निघतो. बोल्टच्या आट्यांत अॅल्युमिनियमचे चकचकीत गुंडाळे अडकलेत, तर जास्त आवळलाय किंवा तिरका घुसवलाय. "खाली दगड लागला असेल" हे उत्तर हमखास येतं, आणि ते कधी कधी खरंही असतं, पण दगड लागला तर चेंबरला पोचा, तडा, ओरखडा असतो. चेंबर गुळगुळीत असेल तर त्याचाही फोटो घ्या, काही नसल्याचा फोटोसुद्धा कामाचा असतो.

उरलेलं ऑइल स्वच्छ बाटलीत काढून झाकण लावून त्यावर तारीख, गाडीचा नंबर, किती निघालं ते लिहा. साध्या चार सिलिंडर गाडीत साधारण साडेतीन ते पाच लिटर ऑइल असतं, त्यातलं पाऊण लिटर निघालं तर तो आकडाच बोलतो. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या की धातूचा चुरा दिसतो, चुंबकाला चिकटला तर लोखंडी, न चिकटणारे चमकदार कण बहुतेक बेअरिंगचे किंवा अॅल्युमिनियमचे. लॅबमध्ये ऑइलचं सँपल दिलं तर शिसं, तांबं, कथील, लोखंड किती आहे ते आकड्यात येतं. फिल्टर, बोल्ट, वॉशर, रिंगा हे सगळं पिशवीत भरून तुमच्याकडे ठेवा, गॅरेजच्या शेल्फवर नको, तिथून वस्तू कचऱ्यात जातात.

आता इंजिन. दिवा लागल्याबरोबर बंद केलं असेल तर ते पूर्ण वाचलेलंही असू शकतं, लगेच खोलायला हो म्हणू नका. सगळं उघडून बघितल्यावर, गळती नीट करून, योग्य ऑइल भरून, सेन्सरच्या जागी मेकॅनिकल प्रेशर गेज लावायचा आणि इंजिन गरम झाल्यावर आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) आणि दोन-तीन हजार आरपीएमला प्रेशर किती येतंय ते गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघायचं. प्रेशर नीट, आवाज नाही, कंप्रेशन सारखं, तर थोडे किलोमीटर चालवून पुन्हा फिल्टर कापून बघा. आणि गॅरेजकडून लेखी घ्या की या घटनेमुळे अमुक काळात काही निघालं तर जबाबदारी त्यांची. सुरू करताच खटखट येत असेल तर मात्र तिथेच बंद. चेंबर उतरवून एक-दोन रॉड बेअरिंग बघायची. चांगलं बेअरिंग एकसारखं राखाडी, मंद चमक असलेलं असतं, गेलेल्यावर तांबूस रंग उघडा पडलेला, रेघा, मऊ थर एका कडेला लोटला गेलेला, आणि क्रँक तापून निळसर झालेला. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की इंजिन जुनं होतं वगैरे वादाला फारसा अर्थ राहत नाही, कारण वर्षानुवर्षांची झीज सावकाश आणि सगळीकडे पसरलेली असते.

रिपोर्टमध्ये तारीख, किलोमीटर, काय दिसलं, त्याचं कारण काय असावं आणि काय काम लागेल हे सही-शिक्क्यानिशी हवं. तोंडी "त्यांचीच चूक आहे साहेब" याचा काही उपयोग नाही.

पैशाचं बोलणं

रिपोर्ट, फोटो, बिल आणि दोन ठिकाणची कोटेशन जोडून एकच लेखी मागणी करा: रिपेअर, टोइंग, तपासणीचा खर्च, आणि गाडी बंद असताना प्रवासाला लागलेले पैसे पावत्यांसह. उत्तराला दोन आठवड्यांची मुदत द्या. मालकाशीच बोला, काउंटरवरच्या मुलावर ओरडून काही मिळत नाही. अशा नुकसानीसाठी काही गॅरेजचा स्वतःचा इन्शुरन्स असतो, तो आहे का आणि क्लेम टाकताय का हे सरळ विचारा. तुमच्या गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत चुकीच्या कामाने झालेलं इंजिनाचं नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, तरी पॉलिसी वाचून कंपनीला कळवून ठेवा. ऐकलंच नाही तर तुमच्या भागातल्या ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाताना हीच फाइल लागते.

ते म्हणतील दिवा लागल्यावर तुम्ही चालवत राहिलात. तुम्ही लगेच थांबला असाल तर सुरुवातीचे फोटो आणि वेळ इथे उपयोगी पडतात, आणि थांबला नसाल तर थोडा हिस्सा तुमच्यावर येऊ शकतो हे मान्य करून बोला, पण ऑइल बाहेर कशामुळे गेलं हा मूळ प्रश्न सोडू नका. थोडे पैसे हातावर ठेवून "आता काही मागणी नाही" अशा कागदावर सही मागितली तर इंजिन उघडून पूर्ण नुकसान कळेपर्यंत सही करायची नाही.

तेच गॅरेज स्वतः इंजिन करून देतो म्हणालं तर ते चुकीचंच असं नाही, पण काय काय बदलणार ते आधी लिहून घ्या. नुसती बेअरिंग टाकून देणं मला अजिबात पटत नाही. क्रँक मोजायला हवा, गरज असेल तर ग्राइंड करून त्या साइजची बेअरिंग टाकायला हवीत, रॉडची गोलाई तपासायला हवी. ऑइल कूलर असेल तर तो बदलाच, त्याच्या बारीक जाळीत चुरा अडकतो आणि धुऊन पूर्ण निघत नाही, नव्या इंजिनात तोच चुरा परत फिरतो. टर्बो आणि त्याच्या ऑइल लाइन, कॅम टायमिंगच्या सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) जाळ्या, ऑइल पंप, हे यादीत नसेल तर का नाही ते विचारा. हाफ इंजिन (हेड सोडून खालचा भाग) किंवा वापरलेलं इंजिन टाकत असतील तर त्याचा नंबर, कुठून आलं त्याची पावती आणि लेखी वॉरंटी घ्या, आणि बऱ्याच ठिकाणी इंजिन नंबर बदलला की नोंदणीतही बदलावा लागतो, ते कोण करणार तेही ठरवा.

गाडी परत घेताना गरम इंजिनावर प्रेशर गेजचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या. ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर टाकलं तेही बिलावर हवं. पाच मिनिटं इंजिन चालवून खाली टॉर्च मारून फिल्टर आणि ड्रेन बोल्ट कोरडे आहेत का बघा, बंद करून पाच-दहा मिनिटांनी सपाट जागेवर डिपस्टिक बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली बघा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा. इंजिन उघडून केलं असेल तर पहिलं ऑइल आणि फिल्टर पाचशे ते हजार किलोमीटरच्या आतच बदला, आणि तो काढलेला फिल्टर तिथेच कापून दाखवायला सांगा.